जलजाक्षीची जीभ

सुब्राय केदिलायने आयुष्यभर रोज चारशे पानांचं रांधलं, पण पानात वाढायच्या आधी त्यातला थेंबसुद्धा कधी जिभेवर ठेवला नाही. देवळाच्या स्वयंपाकघरात ते चालतच नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की उष्टं झालं, ओता सगळं गाईपुढे. मुद्दाम वास घ्यायचीही बंदी. फोडणी आपणहून नाकात शिरते त्याला कोण काय करणार, पण त्यावरून मनात अंदाज बांधायचे नाहीत, असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. मग मीठ कळायचं कसं? मुठीने. सारूला सात मुठी, कोहळ्याच्या सांबाराला नऊ. मूठ खरी तर सगळं खरं.

आता मूठ काही लोखंडाची नसते. थंडीत आखडते, वयाने सैल होते, रात्री झोप नसली की चुकते. ती चुकली हे सुब्रायला सांगणार कोण? देव बोलत नाही. आणि पंगतीला बसलेली माणसं प्रसादाला नावं ठेवत नाहीत. कार्कळच्या अलीकडच्या त्या देवळात मंगळूरहून, शिमोग्याहून माणसं यायची, मिटक्या मारत जेवायची आणि "काय हात आहे भट्टरे तुमचा!" म्हणून निघून जायची. अशा कौतुकाचा स्वयंपाक्याला काडीचा उपयोग नसतो.

खरं सांगणारं माणूस जगात एकच होतं. त्याची बायको जलजाक्षी.

दुपारी दोन वाजता सुब्राय झाकल्या भांड्यातून प्रसाद घेऊन घरी यायचा. आधी तो जेवायचा. मग त्याच केळीच्या पानावर जलजाक्षी बसायची, कारण त्यांच्याकडे बायको नवऱ्याच्या पानावर जेवते आणि ती मुकाट्याने जेवायची. मुकाट्याने म्हणजे पहिला घास घशाखाली जाईपर्यंत.

"देव काही म्हणाला का आज?"

"देव काय म्हणणार?"

"सभ्य आहे म्हणून बोलला नसेल. सारूत मीठ जास्त झालंय. आणि सांबाराचा कोहळा जून होता. कोणी दिला तो? त्याच्याच डोक्यात घाला उद्या."

सुब्राय चिडायचा, पुटपुटायचा, पण दुसऱ्या दिवशी मूठ दोन बोटं आवळायचा. पस्तीस वर्षं हे असंच चाललं. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी आपापल्या जागी गिळलं. पण चारशे पानांचा स्वयंपाक दोघांचा होता. हात त्याचा आणि जीभ तिची. "छान" हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. फार झालं तर "बरं आहे" म्हणायची, आणि त्या दिवशी सुब्राय संध्याकाळपर्यंत गुणगुणत हिंडायचा.

अशा बाईच्या पोटात कॅन्सर निघाला. अंडाशयात सुरू झालेला, कळेपर्यंत पोटभर पसरलेला. मंगळूरच्या मोठ्या इस्पितळात सहा वेळा औषधं चढवली. त्या दिवसांत तिच्या तोंडाची पार वाट लागली. "तोंडात जुना पैसा धरून बसल्यासारखं वाटतंय," म्हणायची. भात, ताक, शहाळं, कशालाही तीच धातूची चव. साधं पाणीसुद्धा कडवट लागायचं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी औषधं थांबवली आणि सांगितलं, आता घरीच सांभाळा, वेदना होणार नाही एवढं आम्ही बघतो. तेव्हापासून दर गुरुवारी एका धर्मादाय संस्थेची जीप यायची आणि तीतून लिडविन पिंटो नावाची सिस्टर उतरायची. दणकट, पन्नाशीची, मोठ्याने हसणारी. आल्या आल्या जलजाक्षीचे पाय दाबत बसायची. जलजाक्षीला ती फार आवडायची, कारण सिस्टरही तोंडाने फटकळ होती.

लिडविन सिस्टरने सुब्रायला बाजूला घेऊन समजावलं होतं, "भट्टरे, चव जाते. सगळ्यांची जाते. औषधाने जाते, आजाराने जाते. कळकलेलं लागतंय म्हणतात, लोखंड लागतंय म्हणतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हाताचा दोष नाही तो."

सुब्रायने हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. हाताचा दोष नाही. स्वयंपाक्याला याहून मोठा दिलासा कोणता?

शिवरात्रीनंतर जलजाक्षीचं जेवण अगदीच सुटलं. पोट पाण्याने तट्ट फुगलेलं, हातपाय मात्र काटक्या. दोन घासांत पोट भरायचं. सिस्टर म्हणाली, थोडं थोडं द्या, पातळ द्या, लिंबू पिळून द्या, ताकातलं द्या, आंबटाने मळमळ कमी होते. सुब्रायने देवळातलं दुपारपर्यंतचं काम पुतण्याच्या गळ्यात घातलं आणि घरी पेज करायला घेतली. त्यासाठी त्याने माळ्यावरून एक पितळेची लहान तपेली काढली. जलजाक्षीच्या आईची. लहानपणी ताप आला की याच तपेलीतली पेज तिला मिळायची, हे ती कैकदा बोलली होती. बायको आजारी पडल्यावर माणसाला काय काय सुचतं! सुब्रायला वाटलं, आईच्या भांड्यातली पेज तरी ती नाकारणार नाही.

तपेली काळी पडली होती. त्याने ती चिंच आणि राख लावून, काथ्याने घासघास घासली. देवळातली सवयच ती. भांडं लखलखलं नाही तर त्याला अन्न शिजवावंसंच वाटत नसे. रोज दोनदा घासायचा, आतून बाहेरून, खांदा भरून येईस्तोवर. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख जलजाक्षीच्या आजारपणात दोनदा पुढे गेली होती. पण चकाकी त्याला दिसायची. चकाकतंय ना? मग झालं. कल्हईचं बघणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. देवळाच्या भांड्यांना वर्षातून एकदा कारभारी कल्हईवाला बोलवायचा आणि भांडी पांढरीशुभ्र होऊन यायची. घरात बाकी सगळं स्टीलचं.

पहिल्या दिवशी उकड्या लाल तांदळाची पेज, त्यात ताक, वर लिंबाचे चार थेंब. जलजाक्षीने एक चमचा तोंडात घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"कळकलीय."

"तुझं तोंड तसं झालंय."

"तोंड नाही हो. पेज कळकलीय."

"सिस्टर काय म्हणाली ऐकलंस ना? सगळ्यांना तसंच लागतं."

"ते वेगळं होतं. तेव्हा पाणीसुद्धा कडू लागायचं. आता पाणी पाण्यासारखं लागतं. पेजच कळकलीय."

सुब्रायने ऐकलं आणि सोडून दिलं. पस्तीस वर्षं जिच्या एका शब्दावर चारशे पानांचं मीठ कमीजास्त केलं, तिचा शब्द त्याने त्या दिवशी पहिल्यांदा खाली पडू दिला. त्याला ते कळलंही नाही. एवढा मोठा कारागीर, पण घाबरला की माणसाचे कान जातात.

मग रोजचं तेच झालं. सकाळी पेज करून तो तपेली झाकून तिच्या उशाशी ठेवायचा, म्हणजे तासातासाने दोन चमचे देता येतील. ताक आणि लिंबू त्या पितळेत दुपारपर्यंत मुरत राहायचं. ती म्हणायची कळकलीय. तो म्हणायचा तोंडाला चव नाही. ती दोन चमचे घ्यायची, तासाभराने ओकायची. मग तो तपेली विहिरीवर नेऊन आणखी जोराने घासायचा.

गुरुवारी सिस्टरला त्याने सांगितलं, "अजून कळकलेलंच म्हणतेय."

"म्हणणारच," सिस्टर म्हणाली. सुई भरता भरता तिचं लक्ष दुसरीकडे होतं. "आणि ओकतेय किती? बरं, उलटीची गोळी बदलून देते."

जलजाक्षी पलंगावरून बघत होती. तिने काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन शहाणी माणसं एकमेकांना समजावत असतात तेव्हा आजाऱ्याला कोण विचारतं?

यात भर घातली शेजारच्या भागीरथम्माने. फणसाचे गरे घेऊन समाचाराला आली, जलजाक्षीची हाडं बघून पदर तोंडाला लावला आणि ओसरीवर येऊन सुब्रायला ऐकू जाईल इतक्या हलक्या आवाजात दुसऱ्या बाईला म्हणाली, "याच्या हातचं गावजेवण होतं गं रोज. आणि याच्याच घरात बायको उपाशी मरतेय. काय भोग म्हणायचे!"

तो शब्द सुब्रायच्या काळजात रुतून बसला. बायको मरणार हे त्याला कळलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिस्टरने सांगितलं होतं, आणि तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची ते त्यालाही कळत होतं. पण उपाशी? सुब्राय केदिलायची बायको उपाशी? मरायचं तर मरू दे, पण पोटात अन्न असताना मरू दे, एवढंच त्याने देवाजवळ मागितलं. मागून थांबला असता तर बरं होतं. त्याने पणच लावला.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "तू चार चमचे खाल्लेस की मी जेवेन. नाहीतर मीही नाही."

"वेडे झालात का? आधीच साखर आहे तुम्हाला."

"मग खा."

तिने खाल्लं. डोळे मिटून, चादरीची गाठ मुठीत धरून चार चमचे खाल्ले. तो आत जाऊन जेवला. तो हात धुऊन येईपर्यंत तिने पलंगाखालच्या भांड्यात सगळं बाहेर काढलं होतं आणि वर फडकं टाकून ठेवलं होतं. असं आठ दिवस चाललं. नवऱ्याने जेवावं म्हणून ती गिळत होती आणि नवरा खूश होत होता की औषध लागू पडलं.

नवव्या दिवशी फडकं सरकलं आणि त्याला दिसलं. त्याच्या डोक्यात काय शिरलं कोणास ठाऊक! दुःख म्हणावं तर तसं दिसलं नाही, रागच दिसला. त्याने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि चमचा दातांवर दाबला. तिने दात आवळले. चमचा सरकून खालच्या ओठात घुसला. पेज, रक्त, सगळं मानेवरून उशीवर ओघळलं. जलजाक्षी ओरडली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं त्याला सोसवेना म्हणून तो विहिरीवर जाऊन तपेली घासत बसला.

त्या गुरुवारी लिडविन सिस्टरने ओठ बघितला. तिथे मलम लावलं. मग सुब्रायच्या दंडाला धरून त्याला फणसाच्या झाडाखाली नेलं.

"कोणी केलं?"

सुब्रायने उजवा हात धोतराआड घेतला.

"भट्टरे, मी तुमच्या वयाचा मान ठेवते म्हणून, नाहीतर आज तुमचं काही खरं नव्हतं. नीट ऐका. जेवत नाही म्हणून ती जात नाहीये. निघालीय, म्हणून जेवण सुटलंय. शरीर आता अन्न मागतच नाही. तुम्ही कोंबताय ते तिच्या अंगी लागत नाही, नुसतं छळतंय."

"सिस्टर, माझ्या घरातून ती उपाशी जाईल हो," सुब्राय म्हणाला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. तिच्या नोकरीत हे रोजचंच होतं, पण रोजचं म्हणून सवय थोडीच होते.

"भूक लागलेलं माणूस उपाशी असतं," ती म्हणाली. "तिला भूकच नाही. तुम्ही तिच्याजवळ बसा. चमचा ठेवा बाजूला आणि नुसते बसा."

चमचा बाजूला ठेवायचा? मग हाताने करायचं काय? सुब्रायला रांधण्यापलीकडे प्रेम करायची दुसरी रीत येतच नव्हती. तो बसायचा, पाच मिनिटांत उठायचा, चूल पेटवायचा. कोंबणं मात्र त्याने सोडलं. पेज करायची, उशाशी ठेवायची, दुपारी गाईला घालायची. आणि स्वतः जेवायचं नाही. तो पण त्याने सोडला नव्हता, फक्त बोलून दाखवत नव्हता. देवळातून रिकाम्या हाताने यायचा आणि पाणी पिऊन पडायचा. चौथ्या दिवशी पलंगाचा खूर धरून उठताना त्याला घेरी आली आणि तो तिच्या पायाशी मटकन बसला.

"जेवला नाहीत ना?" जलजाक्षीने विचारलं. आवाज आता इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे.

"भूक नाही."

"मला भूक नाही म्हटलं तर ओठ फोडलात. तुम्हाला नाही म्हणजे मी काय फोडू?"

सुब्राय तिच्या पायांवरची चादर सारखी करत बसला.

"ती पेज घ्या इकडे," ती म्हणाली. "आज मी खाते. पण एक चमचा तुम्ही, मग एक मी. पहिला तुमचा."

"आजाऱ्याचं अन्न आधी कसं खाऊ? उष्टं होईल."

"होऊ दे."

"अगं, तुला उष्टं घालू?"

"मी देव नव्हे हो. मी जलजा. पस्तीस वर्षं तुमच्या उष्ट्या पानावर जेवलेय. आणखी एक चमचा काय जड आहे मला?"

त्याने तपेलीवरचं झाकण काढलं. सकाळची पेज, अकरा वाजून गेलेले. एक चमचा भरून तोंडात घातला.

जिभेच्या मुळापर्यंत तांबट, तुरट, कडू कळ गेली. दात आंबले. घशातून उमासा आला. सुब्रायने तो घास गिळला नाही, थुंकलाही नाही, तोंडात तसाच धरून तपेली उचलली आणि चालत अंगणात उन्हात आला. पेज गाईच्या घमेल्यात ओतली. भांडं धुतलं. तोंडातलं थुंकलं. मग तपेलीत मान घालून, डोळे बारीक करून बघितलं. नुसती चकाकी. बोट फिरवलं. तळाच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, ते नखाने खरवडून डोळ्यांपाशी धरलं तर हिरवं. सगळी तपेली आतून पिवळी होती. कल्हईचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. उरेल कशी? त्यानेच घासून घासून नेली होती.

शिवरात्रीपासून. त्याने दिवस मोजले नाहीत, मोजायचं धाडस झालं नाही. पितळेत ताक, वर लिंबू, आणि ते उशाशी तासन् तास. धडधाकट माणसाचं पोट ढवळून निघेल असलं अन्न त्याने मरणाऱ्या बाईला दिवसातून सहा वेळा पाजलं होतं. आणि ती पहिल्याच चमच्याला म्हणाली होती. साध्या शब्दात म्हणाली होती. हे असं सांगितल्यावर कुठलाही आचारी आधी भांडं बघतो. पण त्यासाठी सांगणाऱ्यावर विश्वास लागतो.

तो आत आला आणि पलंगाजवळ जमिनीवर बसला.

"जलजा, तपेलीची कल्हई गेलीय."

त्याने तपेली तिच्यापुढे तिरकी धरली.

"पेज कळकायची. खरंच कळकायची. मी बघितलंच नाही."

आता ती रडेल, शिव्या देईल, तोंड फिरवेल, असं त्याला वाटलं. त्याला तेच हवं होतं. पण जलजाक्षी हसली. खरंच हसली! पोटाला पीळ पडला तशी हाताने पोट धरून हसली, धाप लागेपर्यंत.

"म्हणजे जीभ शाबूत आहे माझी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, गेली. सगळं गेलं, केस गेले, अंग गेलं, वाटलं जीभही गेली. सगळे म्हणत होते ना. मलाही खरं वाटायला लागलं होतं." दम घेऊन ती पुढे म्हणाली, "त्या सिस्टरला सांगा हं. गुरुवारी आली की आधी हे सांगा."

सुब्राय तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. नवऱ्याने बायकोच्या पाया पडायचं नसतं, पण घरात बघायला होतं कोण? आणि असतं तरी त्याला फिकीर नव्हती.

त्याने लगेच स्टीलच्या पातेल्यात नवी पेज टाकली. उकडा तांदूळ मऊ व्हायला दीड तास घेतो. तो तयार होऊन त्याने वाटीत काढेपर्यंत हसून थकलेली जलजाक्षी झोपली होती. ती बुधवारी दुपारपर्यंत उठली नाही. उठली तेव्हा डोळे उघडले, पाणी कापसाने ओठाला लावलं तेवढं चाटलं आणि पुन्हा मिटली. पेज गाईने खाल्ली.

गुरुवारी लिडविन सिस्टर आली. सुब्रायने तपेली तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने तपेली हातात घेऊन आत बघितलं, बराच वेळ बघितलं.

"पाणी कसं लागतंय, एवढं मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तीस वर्षं हेच काम करतेय. एक प्रश्न होता."

"भांडं नीट असतं तर जगली असती का सिस्टर?"

"नाही. आजार तोच, दिवस तेवढेच."

"खाल्लं असतं?"

सिस्टरला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "थोडं खाल्लं असतं. ओकली कमी असती."

मग तिने जलजाक्षीचा हात हातात घेतला आणि कानाशी वाकून म्हणाली, "जलजक्का, तुमचं बरोबर होतं. मी चुकले." जलजाक्षीच्या पापण्या हलल्या. जाताना सिस्टरने बजावलं, आता गिळवत नाही, काही भरवू नका. मागितलंच तर बोटाने ओठाला लावा, बस्स.

सुब्रायने तरी पेज केली. हात थांबत नव्हते. त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं रांधलेलं उतरवायच्या आधी चाखलं. पळीतून तळहातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. मीठ बरोबर होतं. तांदूळ मऊ होता, तुपाचा वास होता, कळकल्याचं नाव नव्हतं. चांगली झाली होती. देवासाठीसुद्धा इतकी चांगली त्याने कधी केली नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीला जलजाक्षीने डोळे उघडले. "पेज?" तिने विचारलं. त्याला आधी खरं वाटेना. त्याने वाटी आणली, बोट बुडवलं आणि तिच्या ओठांच्या मधोमध लावलं, जखमेच्या बाजूला न लागेल असं. तिची जीभ हळूच बाहेर आली. सुकलेली, पांढरी, चिरा पडलेली. तिने चाटलं. भुवया जवळ आल्या.

"मीठ कमी आहे."

सुब्रायने पुन्हा चाखून बघितलं नाही. वादही घातला नाही. उठला, चिमूटभर मीठ घालून ढवळलं आणि परत बोट लावलं.

"अजून थोडं."

पुन्हा चिमूट. पुन्हा बोट. असं चार वेळा झालं. चौथ्या खेपेला ती बराच वेळ जीभ ओठांवर फिरवत राहिली, जशी दुपारी पानावर बसून पहिल्या घासाला फिरवायची तशी.

"आता बरं आहे," ती म्हणाली.

मग डोळे त्याच्यावर आणून म्हणाली, "मी खाल्लं. आता तुम्ही जेवा. इथेच बसा, माझ्यासमोर."

सुब्राय तिच्यासमोर मांडी घालून बसला. पस्तीस वर्षांत तिचं उष्टं खायची ही पहिली वेळ. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांतून पाणीच आलं. खारट ढोण. समुद्राचं पाणी बरं म्हणावं इतकी खारट. आता तिची जीभ खरोखरच गेली होती. पण ती बघत होती, एकटक, मान उशीवर कलती ठेवून. म्हणून त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा. वाटीतली संपवली, पातेल्यातली ओतून घेतली, तीही संपवली. शेवटी बोटाने वाटी पुसून बोट चाटलं.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"बरोबर," तो म्हणाला. "मीठ अगदी बरोबर."

ती शनिवारी सकाळी गेली. भागीरथम्मा सगळ्यांत आधी आली. पदर डोळ्यांना लावून, इकडेतिकडे बघून तिने सगळ्या बायका विचारतात तेच विचारलं, शेवटी पोटात काही गेलं का हो? सुब्राय विहिरीवर पातेलं घासत होता.

"गेलं," तो म्हणाला. "मीठ तिनेच बघितलं."